सहा की सात

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला उठते. त्याच्या आदल्या आठवड्यात देवबागला मामाच्या मांगरात पाऊल टाकलं की पेट्रोल, ओला काथ्या आणि सुकी मासळी यांचा मिळून एक वास येतो. होडी बाहेर माडाच्या झापांखाली शाकारलेली असते. मोटार मात्र आत, लाकडी घोडीवर टांगलेली. १५ घोड्यांचं टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, एकावर एक. यंदा मी गेलो तेव्हा मोटारीचं वरचं झाकण काढलेलं होतं आणि तिच्यापुढे मामा आणि मेस्त्री उकिडवे बसले होते. मधे वर्तमानपत्रावर सहा स्पार्क प्लग. दोन मोटारीतून काढलेले, दोन मामाने आणलेले, दोन मेस्त्रीने आणलेले. मामाच्या डबीवर बी६एचएस छापलेलं होतं, मेस्त्रीच्या डबीवर बी७एचएस-१०.

मेस्त्री मूळचा सांगलीकडचा. आयटीआय करून मालवणात होडीच्या आऊटबोर्ड मोटारींचं काम शिकला आणि इथलाच झाला. बोलणं मात्र अजून घाटावरचं.

कोणता प्लग घालायचा यावर दोघांचा वाद चालला होता, आणि त्यात मला रस असण्याचं कारण गेल्या एप्रिलात घडलं. पहाटे जाळी उचलून आम्ही परत येत होतो. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि आत येणारी लाट त्याच्यावर फुटते. नेमकं त्या जागी मोटार दोनदा खोकली आणि बंद पडली. मामाने दोरी मारली, पुन्हा मारली. मग माझ्या हातात वल्हं देऊन म्हणाला, नाक लाटेक धर. मी धरलं, म्हणजे धरायचा प्रयत्न केला. होडी आडवी होत होती आणि मामा त्या हलत्या फळीवर गुडघे टेकून प्लग बदलत होता. बदलला, मोटार लागली, आम्ही आत आलो. घरी आल्यावर मामीला दोघांनीही काही सांगितलं नाही. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला घेता येते. संगमावर कडा नसते.

मेस्त्री : काका, हे सहा नंबरचे प्लग दुकानात परत करा. तुमच्या मोटारीच्या पुस्तकात सात लिहिलाय. बी, सात, एच, एस, दहा.

मामा : पुस्तक जपानात लिवलेला. मोटार देवबागात चलता. नऊ वर्सां सहा घालतंय मी.

मेस्त्री : नऊ वर्षांत किती प्लग बदललेत?

मामा : मोजूक नाय.

मेस्त्री : एप्रिलात संगमावर बंद पडली ती सहावरच ना?

मामाने माझ्याकडे पाहिलं. मेस्त्रीला ते मीच सांगितलं होतं.

मामा : होय, सहावरच. सात आसतो तर जानेवारीतच बंद पडली आसती. तू सांग माका, सकाळी जाळी ओढताना मोटार अर्धो तास नुसती घुरघुरत रवता. मगे पर्यटक घेवन जातंय. ते डॉल्फिन बघतत, फोटो काढतत, तेव्हा परत हळू. फुल्ल थ्रोटल दिवसातून धा मिनटां, जास्त नाय. एवढ्या हळू चालीत थंड प्लग तापाचो नाय. तेल बसता, काळो पडता. गरम प्लग आपणच आपल्याक साफ करता. ह्या माका कोणी शिकवक नाय, काढून काढून समाजला.

मेस्त्री : नियम बरोबर आहे तुमचा.

मामा : मगे?

मेस्त्री : नियम बरोबर आहे, पण तो तुमच्या मोटारीला लावायच्या आधी काही विचारायचं राहिलंय.

इथे थांबून त्या आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेकांची समजूत उलटी असते. गरम प्लग म्हणजे जोरदार ठिणगी, असं मीही समजत होतो. ठिणगीशी त्याचा संबंध नाही. प्लगच्या पोटात पांढरं इन्सुलेटर असतं, त्याचं टोक सिलिंडरच्या आगीत असतं. ते नाक लांब असेल तर उष्णतेला बाहेरच्या लोखंडापर्यंत पोचायला लांबची वाट लागते, टोक तापलेलं राहतं. हा गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता चटकन हेडमध्ये उतरते. हा थंड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की त्यावर बसलेलं तेल आणि काजळी जळून जाते. ८७० च्या पुढे गेलं तर ते टोकच निखाऱ्यासारखं होतं आणि ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतं. मोटार घुरघुरत असो की ओझं ओढत असो, टोक या दोन आकड्यांच्या मधे राहिलं पाहिजे. एका नंबरची पायरी म्हणजे टोकाच्या तापमानात ७० ते १०० अंशांचा फरक. टू-स्ट्रोकला तर विसावाही नाही. मिनिटाला ५००० फेरे म्हणजे प्रत्येक प्लगसमोर ५००० स्फोट.

मामा प्लगचे नंबर एका वहीत लिहून ठेवतो, पण कोणत्या कंपनीचे ते लिहीत नाही. मेस्त्रीने ती वही पाहून कपाळाला हात लावला, आणि त्यात त्याचं चुकलं नाही. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड. चॅम्पियन आणि बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला मायको हा बॉशच्याच घरातला, म्हणून त्याचीही दिशा तीच. ‘सातच्या ऐवजी आठ दे, वाईच थंड’ असं दुकानात म्हणताना डबी कोणाची ते पाहिलं नाही तर माणूस मागतो एक आणि नेतो त्याच्या नेमकं उलट.

मेस्त्री : आणि सहा घालताना तुम्ही एक नाही, दोन गोष्टी बदलल्यात. पुस्तकातल्या नंबरामागे दहा आहे. म्हणजे गॅप १ मिलिमीटर. तुमच्या डबीवर दहा नाही. त्याची गॅप ०.७ च्या आसपास येते. फीलर गेज घातलं होतं कधी?

मामा : पॉलिश पेपर आत जाता काय बघतंय.

मेस्त्री : आणि घासताही त्यानेच?

मामा : नायतर कशान?

मेस्त्री : तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपर नको, वाळूचं मशीन तर अजिबात नको. ब्रशची तार पांढऱ्यावर धातूच्या रेघा सोडते, वीज मग गॅपमधून उडी मारण्याऐवजी त्या रेघेवरून पळते. वाळू आत अडकते आणि सिलिंडरात पडते. सिलिंडरात वाळू म्हणजे काय होईल ते तुम्हाला सांगायला नको.

मामा : दर येळी नवो घ्यायचो? माझो बापूस एक प्लग दोन वर्सां चालवी.

मेस्त्री : चालवत असतील. पण दरवेळी दोरी किती मारायचे?

यावर मामा गप्प राहिला. आजोबांचा उजवा खांदा शेवटपर्यंत दुखत असे.

मग मेस्त्रीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून वर्तमानपत्रावर ठेवलं. पिस्टन होता. माथ्यावर पेन्सिल जाईल एवढं भोक, आणि भोकाच्या कडा मेणासारख्या वितळून आत ओघळलेल्या. त्याच्या एका गिऱ्हाइकाच्या मोटारीतला. मी तो हातात घेतला. अॅल्युमिनियम इतकं मऊ दिसू शकतं हे मला माहीत नव्हतं.

मेस्त्री : यात प्लग दोन पायऱ्या गरम होता. हळू चालीत एकदम झकास चालायची. मग एके दिवशी भरल्या होडीने वाऱ्याविरुद्ध पूर्ण थ्रोटलवर निघाले. तुम्ही म्हणता ना धा मिनटां? याला तेवढीही लागली नाहीत.

मामा : (पिस्टन उलटसुलट करत) जेट बघलस तेचो?

मेस्त्री : बघितला. मेन जेट अर्धा बुजला होता.

मामा : म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्ती. पिस्टन जेटान खाल्लान. प्लगावर कशाक बिल फाडतस?

मेस्त्री : दोघांनी मिळून खाल्ला, काका. जेट बुजला की आतली आग वाढते. प्लग बरोबर नंबरचा असेल तर त्याला थोडी सवलत असते. दोन पायऱ्या गरम प्लग म्हणजे ती सवलत आधीच खर्च करून ठेवलेली.

मला हा मुद्दा त्या सकाळचा सगळ्यात वजनदार वाटला. मामाचा पिस्टन नऊ वर्षं शाबूत राहिला ही गोष्ट खरी, आणि ती नजरेआड करून चालणार नव्हतं. पण तो का राहिला, याचं उत्तर अजून कोणी दिलं नव्हतं. ते मेस्त्रीच्या पुढच्या प्रश्नांतून निघालं.

मेस्त्री : तेल किती घालता?

मामा : लिटराक चाळीस मिली.

मेस्त्री : तुमच्या मोटारीला वीस पुरतं. पन्नासास एक. चाळीस फक्त नवी मोटार रुळेपर्यंत.

मामा : जास्ती तेल घातल्यान कोणाची मोटार मेली काय? कमी घातल्यान मरतत.

मेस्त्री : मोटार नाही मरत, प्लग मरतो. आणि कुठलं तेल? (फळीवरचा डबा उचलून) हे मोटारसायकलचं टू-टी आहे.

मामा : टू-स्ट्रोकाचा तेल टू-स्ट्रोकाक.

मेस्त्री : मोटारसायकल वाऱ्याने थंड होते, तिचं इंजिन जास्त तापतं. तिच्या तेलात धातूंची भेसळ असते, ती जळाली की राख उरते. आऊटबोर्ड पाण्याने थंड होतं. त्याला बिनराखेचं तेल लागतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. ही राख तुमच्या प्लगवर बसते, आणि ती कितीही गरम प्लगने जळत नाही. राख आधीच जळून झालेली असते.

मामा हे लक्ष देऊन ऐकत होता. डबा परत घेऊन त्यावरची बारीक अक्षरं त्याने डोळ्यांपासून लांब धरून वाचली. टीसी-डब्ल्यू३ त्यावर नव्हतं.

मेस्त्रीने मग हेडच्या बाजूचं छोटं झाकण उघडलं, बोट आत घातलं आणि बाहेर काढलं.

मेस्त्री : थर्मोस्टॅट कुठंय?

मामा उठला. खुंटीखालच्या पत्र्याच्या डब्यात हात घालून त्याने मिठाने पांढरा झालेला एक नग आणला.

मामा : अडाकलेलो. बंद स्थितीत. पाणी फिराना, मोटार तापली. काढून टाकलंय. मगे कधी तापली नाय.

मेस्त्री : कधी?

मामा : नऊ... (थांबून) दहा वर्सां झाली असतली.

कोणी काही बोललं नाही. पत्र्यावर पावसाची एक सर येऊन गेली.

थर्मोस्टॅटचं काम मोटार गरम होईपर्यंत पाणी अडवायचं आणि मग सोडायचं. तो काढला की समुद्राचं थंड पाणी पहिल्या मिनिटापासून सिलिंडरभोवती धावत राहतं. मोटार तापत नाही, हे मामाचं म्हणणं खरंच होतं. ती कधी पुरेशी गरमही होत नाही. थंड भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही आणि दुप्पट घातलेलं राखेचं तेल प्लगवर जाऊन बसतं. दहा वर्षांपूर्वी थर्मोस्टॅट निघाला, त्यानंतर सात नंबरचे प्लग काळे पडू लागले आणि मामाने सहा शोधून काढला. त्याने केलेलं निदान चुकीचं नव्हतं. प्लग थंड पडत होता हे त्याने हाताने आणि डोळ्याने, कोणी न शिकवता ओळखलं होतं. फक्त प्लग थंड पडतो म्हणजे प्लगचंच चुकतं, हे तो धरून चालला. आणि पिस्टन वाचला तोही बहुधा त्याच गायब थर्मोस्टॅटमुळे. एका चुकीने दुसरीला सांभाळलं होतं. आता मेस्त्रीने नवा थर्मोस्टॅट घालून सहा नंबर तसाच ठेवला असता तर तोच प्लग पहिल्यांदा खरोखर धोक्याचा झाला असता.

मेस्त्री : म्हणून म्हणतो काका, आधी कंपनीने सांगितलेला नंबर. तो काळा पडला तर नंबर बदलायचा नाही, का पडला ते शोधायचं. तेल, थर्मोस्टॅट, कार्बोरेटर, चोक अडकलाय का. हे सगळं बरोबर असूनही काळा पडला तर मग एक पायरी. एकच. आणि कंपनीने तसं चालतं म्हटलं असेल तरच. मी तर म्हणतो दर हंगामाला जुनी जोडी फेका, नवी घाला, डोकं लावायची गरजच नाही.

असं म्हणून त्याने जुने दोन प्लग उचलले आणि कोपऱ्यातल्या बादलीत टाकायला हात मागे नेला.

मामा : थांब. टाकू नको.

मेस्त्री : सहाचे आहेत, जुने आहेत.

मामा : तू बघलस तरी ते?

मेस्त्री : काळे झालेत.

मामा : एक काळो झालो. हयसर उजेडात ये.

दोघं दारात गेले, मीही गेलो. मामाने दोन्ही प्लग तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. काढतानाच त्याने वरच्या सिलिंडरच्या प्लगला दोरा बांधला होता, हे मला तेव्हा दिसलं.

मामा : ह्यो दोऱ्याचो, वरचो. काळो, ओलो, तेलकट. बरोबर. आता खालचो बघ. नव्यासारखो. पांढरा एकदम धुतल्यासारखा. माझा तेल दोघांकव गेला, थर्मोस्टॅट दोघांकव नव्हतो. मगे दोनय सारकेच काळे होवक व्हये होते. ह्यो एकटो गोरो कशाक?

मेस्त्रीने प्लग हातात घेतला. बराच वेळ त्याने तो फिरवला.

मेस्त्री : मला वाटलं हा नीट जळतोय.

मामा : नीट जळलेलो आंबोळीच्या कडेसारखो आसता, तांबूस. ह्यो जळाक नाय, वाफेन धुतलो. खालच्या सिलिंडरात पाणी जाता.

मेस्त्री पुढे काही बोलला नाही. त्याने कम्प्रेशन गेज काढलं, प्लगच्या जागी बसवलं, दोरी ओढली. वरच्या सिलिंडरला काटा जिथे गेला त्याच्या बराच खाली खालच्याचा राहिला. तासाभरात हेड निघालं. खालच्या सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमधल्या गॅस्केटची पट्टी एका जागी मिठाने खाऊन कागदाएवढी उरली होती. नवे प्लग, कोणत्याही नंबरचे, घालून मोटार पाण्यात उतरवली असती तर हंगामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्या सिलिंडरात गंज, मग बेअरिंग, मग सगळंच.

‘डोकं लावायची गरजच नाही’ हे मेस्त्रीचं वाक्य मला तेव्हा आठवलं, आणि मला वाटतं त्यालाही आठवलं असावं, कारण पुढे त्याने ते पुन्हा म्हटलं नाही. कोणता प्लग घालायचा हे पुस्तक सांगतं. आपल्या मोटारीच्या पोटात काय चाललंय ते मात्र काढलेल्या प्लगखेरीज कोणी सांगत नाही. त्याला न वाचता बादलीत टाकणं म्हणजे आलेलं पत्र न फोडता फेकणं. राखाडी ते तांबूस असेल तर ठीक. काळा आणि ओला असेल तर तेल, थंडपणा किंवा जास्त पेट्रोल. कोरडा पांढराफटक, फोड आलेला असेल तर ताप, कमी पेट्रोल, बंद पडलेला पाण्याचा पंप. टोकावर अॅल्युमिनियमचे चकाकते बारीक कण दिसले तर मोटार सुरूच करू नये, पिस्टन विरघळायला लागलाय. आणि धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर पाणी. तोही एकटा वाचायचा नाही, जोडीदाराशेजारी ठेवून वाचायचा. मामाचा दोरा त्यासाठी होता.

गॅस्केट आणि थर्मोस्टॅट यायला चार दिवस लागणार होते. तोवर नव्या प्लगांचा वाद पुढे गेला, पण आता दोघांचा आवाज खाली आला होता.

मामा : सात घालूया. पण ह्यो तू आणलेलो सात नको.

मेस्त्री : का? बरोबर नंबर आहे. एनजीकेचा आहे.

मामा : वॉशर बघ.

त्याने प्लग उलटा केला. आट्यांवरची चकती घसरून टपकन वर्तमानपत्रावर पडली. खऱ्या प्लगची चकती आट्यांवरून अशी सुटत नाही. मग दोघांनी भिंगातून पाहिलं. अक्षरांची शाई फुटलेली, आट्यांच्या कडा खरबरीत, वरचा इलेक्ट्रोड मधल्याच्या बरोबर डोक्यावर नाही, किंचित बाजूला. डबी मात्र हुबेहूब. मेस्त्रीने तो दुकानदारावर विश्वास ठेवून घेतला होता. त्याचा चेहरा उतरला, आणि मला वाईट वाटलं. काम करणारा माणूस दुकानात प्रत्येक नग भिंगातून पाहू शकत नाही. नकली प्लगच्या पोटात तांब्याचा गाभा आहे की नाही हे तर कापल्याशिवाय कळत नाही, आणि नंबरातला एस त्या गाभ्यासाठीच असतो. तो नसेल तर वर छापलेल्या सातला काही अर्थ उरत नाही.

मेस्त्री : मोठ्या डीलरकडून मागवतो. आणि मागवतोच आहे तर बीआर७एचएस-१० मागवतो.

मामा : ह्यो आर खंयसून इलो?

मेस्त्री : आत रेझिस्टर असतो. तुम्ही फिश फाइंडर बसवलाय ना? पडदा थरथरतो म्हणत होता. ठिणगीचा आवाज आहे तो, रेडिओचा. रेझिस्टर त्याला दाबतो. नवीन फोर-स्ट्रोक मोटारींना कॉम्प्युटर असतो, तिथे तर बिनआरचा प्लग घातला तर कॉम्प्युटरच गोंधळतो.

मामा : ठिणगी कमी नाय होवची?

मेस्त्री : जाणवण्याइतकी नाही. पण तुमच्या वायरच्या टोपीतही रेझिस्टर आहे का ते मीटर लावून बघतो आधी.

मामा : दुकानवालो इरिडियम घे म्हणी. मोप टिकता म्हणालो.

मेस्त्री : इरिडियम २४०० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे फार कमी झिजतं हे खरं. मोठ्या फोर-स्ट्रोकला कंपनी देत असेल तर जरूर घ्या. तुमचा प्लग झिजून मरत नाही, तेलात बुडून मरतो. सोन्याचा घेतलात तरी बुडेल. शिवाय त्याचं टोक सुईसारखं, गॅप ओढायला गेलात की मोडलं.

इरिडियमचा विषय एवढ्यावर संपला. मामाला महागातली वस्तू नाकारायला फार कारणं लागत नाहीत.

प्लगची लांबी हाही मोठा सापळा, पण त्यावर दोघांचं एकमत असल्यामुळे वाद झाला नाही. नंबरातला एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर. त्याच १४ मिलिमीटर जाडीचे, पण १९ मिलिमीटर लांब आट्यांचे प्लग मोटारसायकलींत असतात. आटे जुळतात, हाताने छान फिरतो, आणि पहिल्याच फेऱ्याला पिस्टन त्याला खालून डोकं मारतो. शेजारच्या वाडीत हे घडलेलं दोघांनीही पाहिलं होतं. नंबरात जादा ‘पी’ असेल तर नाक पुढे आलेलं असतं. तोही पुस्तकात नसेल तर घालू नये.

पाचव्या दिवशी मोटार जोडली. हेड, गॅस्केट, थर्मोस्टॅट, लिटराला वीस मिलीने बिनराखेचं तेल. डीलरकडचे प्लग फीलर गेजने तपासून शेवटी. मामाने रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवून त्याने प्लग फिरवला. आटे तिरके लागले तर नळी घसरते, अॅल्युमिनियमचे आटे कापले जात नाहीत. ही युक्ती मेस्त्रीलाही ठाऊक होती. पण मामाने बोटावर चिमूटभर ग्रीस घेऊन आट्यांना लावलं आणि पुन्हा ठिणगी पडली.

मेस्त्री : नको. नव्या प्लगला मुलामा असतो. ग्रीस लावलं की पाना हलका फिरतो आणि तुम्ही नको तेवढा आवळता. हाताने घट्ट, मग पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. बस्स.

मामा : आणि मार्चात काढूक गेलंय की आटे प्लगावांगडा बाहेर. खारो वारो तुझ्या कंपनीच्या मुलाम्याक विचारता काय?

मेस्त्री : दर महिन्याला थंड मोटारीत एकदा काढून पाहिलात तर अडकणारच नाही.

मामा : ता मी करतलंय. ग्रीस पण लावतलंय.

हा वाद सुटला नाही. मामाने ग्रीस लावलं, पण पाना मेस्त्रीच्या हातात दिला, आणि मेस्त्रीने नेहमीपेक्षा थोडा आधीच हात थांबवला.

समुद्र अजून खवळलेला होता, म्हणून चाचणी कर्लीच्या खाडीत. अर्धा तास मोटार घुरघुरत ठेवली, जाळी ओढताना ठेवतात तशी. हेडवर हात ठेवला तर चटका नाही, पण ऊब होती. मामाने हात तिथेच बराच वेळ ठेवला. मग प्रवाहाविरुद्ध पूर्ण थ्रोटल. वेग असतानाच मेस्त्रीने स्विच बंद केला, होडी आपोआप थांबली आणि मोटार जरा निवल्यावर त्याने दोन्ही प्लग काढले. सारखे दिसत होते, एवढं खरं. रंग अजून चढला नव्हता.

मामा : कायच दिसणा नाय.

मेस्त्री : दहा तास चालू दे, मग वाचा. दोरा बांधायला विसरू नका.

परत आल्यावर मामाने सहाचे नवे प्लग डब्यात ठेवायला घेतले. मेस्त्रीने त्याचा हात धरला. होडीत दोन नंबर नकोत, म्हणाला, संगमावर घाईत हात कशावर पडेल सांगता येत नाही. मामाने क्षणभर विचार केला आणि ते दोन्ही माझ्या हातात दिले, दुकानात परत करायला. मग सातची जादा जोडी जुन्या ट्यूबच्या रबरात गुंडाळली आणि प्लगपाना घेऊन होडीत उतरला. एप्रिलात त्या फळीवर हा पाना त्याच्या हातून दोनदा निसटला होता. त्याने पान्याच्या दांड्याला नायलॉनची दोरी बांधली, दुसरं टोक फळीच्या भोकातून ओवलं, गाठ मारली आणि ओढून बघितली. मग दोरी पुरेशी लांब आहे का ते पाहायला गुडघे टेकून पाना मोटारीच्या खालच्या प्लगपर्यंत नेला.